स्क्रीनवरचा अंगठा

प्रिय धाकटोबा,

फोन केला की तू नेमका मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, अर्ध्यात सोडलंस तर पस्तावशील.

तुमच्या कंपनीतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर सध्या जी लोकरीच्या विणीची पार्श्वभूमी आहे, ती माझी करामत. माझं काम तुला कधी कळलंच नाही. ‘वॉलपेपर’ ऐकून पाहुण्यांना तू खुशाल सांगायचास, ताई भिंतींना कागद चिकटवते. तर ऐक. एक लहानसा चौकोन बनवायचा आणि तोच शेजारी शेजारी असा मांडायचा, की जोड कुठे आहे हे कुणाच्या बापाला कळता कामा नये. तुमच्या साहेबांना काहीतरी ‘उबदार’ हवं होतं. मी आईची तपकिरी शाल काढली. चुण्या पडत होत्या, म्हणून आईच मागे उभी राहून ती ताणून धरायला तयार झाली. धरताना सूचना चालूच होत्या. फोटो काढले, चारही कडा अशा बेमालूम जुळवल्या की माझी मीच पाठ थोपटून घेतली. कडांच्या नादात मधोमध बघायचं मात्र राहून गेलं. तिथे एका सैल टाक्यातून आईचा अंगठा बाहेर डोकावत होता.

चौकोनात एक अंगठा म्हणजे अख्ख्या स्क्रीनवर अंगठ्यांची पलटण! तुमच्याकडे आधी सगळ्यांना ती कळी वाटली. मग कुणीतरी मोठं करून पाहिलं आणि नख दिसलं. साहेबांचा फोन आला तेव्हा हसावं की रडावं मला कळेना. आई लाजेल असं वाटलं होतं. कसलं काय! आधी सांगितलं असतंस तर नख तरी नीट कापलं असतं, म्हणून तिने मलाच झापलं. मग थोड्या वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं, तुझ्याही स्क्रीनवर तो आहे का ते विचारलं.

बाबांची खुर्ची तू तिला न विचारता भंगारात दिलीस, तेव्हापासून तिने तुझं नाव काढलं नव्हतं. तू आणलेला नवा कोच अजून प्लॅस्टिकमध्येच आहे. बसलं की असा करकरतो की पाहुणे उभ्याउभ्याच निरोप घेतात. तूही काही कमी नाहीस. ती ‘ये’ म्हणेपर्यंत यायचं नाही म्हणून अडून बसलास. तुम्हा दोघांत भरडली जाते ती मी.

परवा साहेबांनी तुम्हा सगळ्यांची मतं पाठवली. सगळ्यांना अंगठा काढून हवाय. एकानेच लिहिलंय, राहू द्या, बरं वाटतं. नाव तुझं होतं. मी ते आईला दाखवलं. तिने चष्मा लावून स्वतः वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. संध्याकाळी मला तिकीट काढायला लावलं.

शनिवारी सकाळी ती तुझ्याकडे येतेय. तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे, तू काहीतरी निमित्त काढून गावाला जाशील म्हणून. मला भीती तिचीच वाटते. एवढा प्रवास करून ती तुझ्या दारापर्यंत येईल, बेलवर बोट ठेवेल आणि न वाजवताच परत फिरेल. तेव्हा बेलची वाट बघत बसू नकोस रे. खाली रस्त्यावर जाऊन उभा राहा.

तुझीच,
ताई