वाढदिवसाचं पिठलं

विठ्ठलवाडी,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. केशरताई यांस,
रचनाचा सप्रेम जयभीम वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुमच्या बंधुराजांकडून कळलं. आता डॉक्टर म्हणतील तेवढंच चाला. निवृत्त झालात तरी वर्गावर्गांतून फिरायची तुमची सवय काही गेलेली नाही.

फोन सोडून कागद का, असं म्हणाल. तुम्ही व्हॉट्सॲपला हात लावत नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललं की आमूला सगळं ऐकू जातं. हे रोज ठाण्याला कामाला येतातच, तेव्हा पत्र डब्याच्या पिशवीतून माजिवड्याला पोचेल. तुमचं उत्तरही त्याच पिशवीतून पाठवा. फक्त ते लोणच्याच्या बरणीखाली ठेवू नका.

आमूचा खोकला आता उतरलाय. मागचे आठ-दहा दिवस मात्र वाईट गेले. तिच्या छातीचेही स्नायू कमजोर होत चाललेत, त्यामुळे साधा कफसुद्धा तिला जोर लावून काढता येत नाही. तेव्हा मी आमच्या ग्रुपवर लिहिलं. 'आधार पालक परिवार', सांगितलं होतं ना तुम्हाला? अशाच आजारी मुलांचे आईबाप आहेत त्यात. आणि ताई, काय सांगू त्या ग्रुपचं! एकाने मशरूमची पावडर सुचवली. दुसऱ्याने लोहचुंबकाची गादी, हप्त्यावर. एका बाईंनी विचारलं की घरात दक्षिणेकडे काय ठेवलंय. दक्षिणेकडे आमचा संडास आहे, तेही सोसायटीचा! आणि अॅडमिन सुदेश सर डोंबिवलीहून रोज सकाळी सूर्योदय पाठवतात आणि वर लिहितात की ग्रुपवर अनावश्यक चित्रं टाकू नयेत.

सोडून द्यावंसं फार वाटतं. पण शीळफाट्याकडच्या रखमाबाई आहेत ना, त्यांच्या नातवाला, गोविंदाला, हाच आजार. त्यांनी बोलून पाठवलं की पोरीला कुशीवर घे, हाताची ओंजळ कर आणि पाठीवर खालून वर थोपट. तसं केल्यावर कफ सुटला. अशी एक बाई असते म्हणून बाकीच्यांचे सूर्योदय सहन करायचे.

नऊ तारखेला रविवारी आमू अठराची होतेय. तुम्हाला येता येणार नाही याचं तिला वाईट वाटतंय, पण तोंडाने कबूल करणार नाही. तुमच्यासारखीच आहे.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ ठेवा, सल्ले थोडे कमी केलेत तरी चालतील.

तुमची,
रचना

माजिवडा, ठाणे,
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रचना हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

सल्ले कमी करण्याचा सल्ला पोचला. तो मी तुझ्यावरच वापरणार नाही, कारण मग पत्रात लिहायचं काय?

सोबत आमूसाठी पांढरा पंजाबी ड्रेस पाठवते आहे. गळ्यावर बारीक पांढरंच भरतकाम आहे, नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. मला झगमगाट आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. सकाळी तो घालून तिला बुद्धवंदनेला बसव आणि माझ्या वतीने एक मेणबत्ती लाव. रत्नदीपला म्हणावं फोटो काढ, आणि निदान या वेळी बोट मध्ये आणू नकोस.

आता एक विचारते, रागावू नकोस. त्या ग्रुपवर तू आमूबद्दल काय काय लिहितेस, ते आमूला माहीत आहे का? तू मला मागे सांगितलं होतंस की तिच्या बाथरूमच्या अडचणीवर तिथे बरीच चर्चा झाली. पोर अठराची होते आहे. माझ्या अठराव्या वर्षी माझ्या आईने माझी पाळी शेजारणीला सांगितली होती, तर मी तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता. आणि ती शेजारीण एकच होती.

वंदनेनंतर बिर्याणी कर. तिला आवडते. आणि माझ्यासाठी डब्यातून पाठव, कारण इथे सूनबाई मला ऑपरेशन झाल्यापासून दुधी खायला घालते आहे.

आठवण काढत जा. मी काढतेच.

तुझी,
केशरताई

विठ्ठलवाडी,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. ताई,
सप्रेम जयभीम.

बिर्याणी आली नाही म्हणून तुम्ही रुसला असाल. कारण वाचलंत की रुसवा विसराल, आणि मग माझ्यावर चिडाल. चिडाच. मी स्वतःवर चिडून दमलेय.

रविवारी सकाळी आमू तुमचा ड्रेस घालून चाकाच्या खुर्चीत बसली. फार गोड दिसत होती हो! समोर मेणबत्त्या लावल्या, शेवंतीची पांढरी फुलं ठेवली, वंदना झाली. तुमच्या बंधुराजांनी फोटो काढला. बोट मध्ये आणलं नाही, पण बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर तेवढी फोटोतून बाहेर ठेवली. राहिलं काय? पांढऱ्या कपड्यातली, डोळे मिटलेली आमू, पुढे मेणबत्त्या आणि फुलं. मी कौतुकाने तोच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आमची आम्रपाली, वय वर्षे अठरा, आणि हात जोडल्याचं चित्र. मग चहा ठेवला आणि बिर्याणीचा कांदा चिरायला बसले.

फोन सारखा वाजायला लागला. म्हटलं, शुभेच्छा येतायत. येऊ देत. थोड्या वेळाने हात पुसून बघते तर भावपूर्ण श्रद्धांजली! एकाने लिहिलं आणि मागच्या सगळ्यांनी तेच चिकटवत नेलं. दोन-तीन आठवड्यांपूर्वी मीच तर लिहिलं होतं की छाती भरलीय. आमच्यात शुभ दिवशी पांढरं घालतात हे त्यांना कुठून ठाऊक? पण एक फोन करून विचारायला काय झालं होतं! आणि सुदेश सरांनी तर तेवढ्यात बॅनर करून टाकला. आमूचा फोटो, गोल कापलेला, वर ढग, खाली समई, आणि नावाआधी कै.

ताई, तो कै. बघितला आणि माझं डोकंच चालेना. आमूने आतून चहा मागितल्याचं नुकतंच ऐकलं होतं मी, तरी धावत गेले आणि तिच्या नाकाखाली हात धरला. ती वैतागून म्हणाली की हाताला कांद्याचा वास येतोय, काढ, शिंक येईल. इकडे चहा उतू जाऊन गॅस विझला, ओटाभर झाला. इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात वागले नव्हते.

ग्रुपवर लगेच कळवलं की पोरगी जिवंत आहे, आज वाढदिवस आहे. सुदेश सरांनी बॅनर काढला आणि नवीन नियम टाकला की फोटो टाकताना कारण स्पष्ट लिहावे. चूक माझीच, म्हणजे!

दुपारी दार वाजलं. रखमाबाई! निरोप बघितलाच नाही त्यांनी, शीळफाट्यावरून रिक्षा बदलत आलेल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाताचा डबा घेऊन. दाराशी आमूच खुर्चीत. बाई उंबऱ्यावरच बसल्या. मग उठून तिचे मुके घेतले, मग रडल्या, मग मला यथेच्छ झापलं. आमूने बिर्याणी बाजूला सारून ते पिठलं खाल्लं. आपल्या दुखवट्याचं जेवण आपणच खायला कुणाला मिळतं, असं म्हणत होती. आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, संपलं.

पण संध्याकाळी तिने माझा फोन घेतला. श्रद्धांजल्या वाचल्या. त्यांत बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की सुटली बिचारी, आणि रचनाताई, तुम्हीही सुटलात. मग ती मागचं मागचं वाचत गेली, मी लिहिलेलं सगळं. बाथरूमचं, रात्री कूस बदलायचं, तिचं रडणं. कुठेही तिचं नाव नाही. तिथे सगळे लिहितात तसं मीही 'माझा पेशंट' लिहीत आले.

फोन परत देताना तिने शांतपणे एवढंच विचारलं की, आई, खरंच असं झालं असतं तर तू सुटली असतीस का. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते बाहेर येईना. माझी कंबर त्या दिवशी इतकी दुखत होती ना. मी ओटा पुसायला निघून गेले. ओटा सकाळीच पुसला होता.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं तर वडिलांना सांगते. तिला मी काय उत्तर देऊ? लवकर लिहा.

रचना

माजिवडा,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. रचना,
आशीर्वाद.

आधी चिडून घेते. आपल्यात कालकथित म्हणतात. जिवंत मुलीला मारायचं ते मारायचं, वर तिला कैलासाला धाडायचं! त्या सुदेश सरांना माझा नंबर दे. ड्रेस पांढरा पाठवला म्हणून मी स्वतःलाही बोल लावून पाहिला, पण जमलं नाही. ड्रेस चांगलाच होता.

आता तू. उत्तर मी द्यायचं? प्रश्न तुला विचारलाय. शाळेत मी कधी कुणाला उत्तर फळ्यावर लिहून दिलं नाही, आता गुडघ्यात धातू बसवल्यावर देणार नाही. एवढंच सांगते की लगेच नाही म्हणाली असतीस तर ते खोटं आहे हे तिला कळलं असतं. अठरा वर्षं ती तुझ्याच हातांवर आहे, तुझी कंबर तुझ्याइतकीच तिलाही ठाऊक आहे. म्हणून जे आहे ते सांग. गोड करून सांगू नकोस. आणि तिची माफी माग, तिच्या वडिलांमार्फत नाही, स्वतः.

ग्रुप सोडायचा विचार असेल तर थांब. रखमाबाई रिक्षा बदलत आल्या. मी सख्खी नणंद, आणि मी फक्त ड्रेस पाठवला.

मला फार काळजी लागली आहे. पिशवीची वाट पाहते.

केशरताई

विठ्ठलवाडी,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
कडक जयभीम!

अक्षर पप्पांचं आहे, पण बोलतेय मी. पेन धरून इतकं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी बोटं काम करत नाहीत, आणि फोनवर पत्रिका नि बॅनर करून देते ना मी, त्याच्या उद्या दोन ऑर्डरी आहेत, एक बारसं आणि एक साखरपुडा. पप्पा मध्ये मध्ये स्वतःचं काही घुसवतील तर ते माझं नाही.

आईने सांगितलं की ती तुला लिहीत होती. म्हणाली, आता तूच लिही, माझं तुझ्याबद्दल बरंच लिहून झालंय. माफी मागितली तिने. मी लगेच नाही दिली, जरा भाव खाल्ला.

उत्तरही दिलं. भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ करून. म्हणाली की हो, कधी कधी वाटतं. कंबर धरते तेव्हा, समोरची ऐश्वर्या कॉलेजला जाताना दिसते तेव्हा वाटतं की कुठेतरी निघून जावं. पण मनातल्या मनात निघाली तरी जिथे पोचते तिथे रॅम्प आहे का, हेच आधी बघते. मला हसू आलं. आत्या, खरं सांगू? तिने सरळ नाही म्हटलं असतं ना, तर मी अजून बोलले नसते.

मग आम्ही तह केला. कंबर, पप्पा, महागाई, सोसायटीचा संडास यावर तिने ग्रुपवर हवं तेवढं रडावं. माझ्या बाथरूमबद्दल आधी मला विचारायचं. आणि 'पेशंट' बंद. ग्रुपवर मीही आता मेंबर झालेय. पहिलाच मेसेज टाकला की मी आम्रपाली, ती बॅनरवाली. बॅनर वाईट होता. फोटो कापताना माझा एक कान गेलाय, आणि समई आमच्यात लावत नाहीत. यापुढे कुणी गेलं असं वाटलं तर आधी फोन करा, मग बॅनर मी करून देईन, नीट. वाढदिवसाचे फुकट. सुदेश सरांनी चालेल म्हणून अंगठ्याचं चित्र टाकलं. रखमाआजीने गोविंदाचा फोटो पाठवलाय, दात पडलेला, पुढच्या आठवड्यात नऊचा होतोय. त्याचं नाव मी एवढं मोठ्ठं टाकलंय की ढगांना जागाच उरली नाही.

तरी 'तुम्हीही सुटलात' म्हणणाऱ्यांचा राग जात नाहीये. आई म्हणते की ते स्वतःबद्दलच लिहीत होते. असेल. पण लिहायचं तर स्वतःचं नाव घालून लिही ना रे!

आणि तुझ्या भावजयीला हे सांगू नकोस. उत्तर तिने दिलं त्याच्या आधीच मला मिळालेलं. ती भांड्यांशी बोलत होती तेव्हा मी तो सकाळचा हात आठवत होते, कांद्याचा, नाकाखाली. चहा गॅसवर तसाच टाकून धावत आली होती ती. पप्पा म्हणतात हे लिहू नको, लिहा पप्पा. आमच्या घरात दूध, चहा काहीही उतू गेलं की आई पप्पांचा जीव खाते. ज्या बाईला सुटायचं असतं ती निदान गॅस बंद करून आली असती.

गुडघा वाकला की ये. बिर्याणी तेव्हाच करू, पिठलंही. आणि माझ्यावर प्रेम आहेच तुझं, ते असंच चालू ठेव, पण पुढचा ड्रेस लाल पाठव.

तुझी,
आमू
(ही एक सही मी स्वतः केलीये.)