पहिलीच्या बाकावरून मामांना

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार (खरंच वाकून, हा बाक इतका बुटका आहे की न वाकता लिहिताच येत नाही). तुमची कंबर कशी आहे? शिलाई मशीनवर तासन्‌तास बसू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुम्ही ऐकलं नसणारच, पण विचारणं माझं काम. मामी बरी ना? दुकानातली मांजर अस्तराच्या गठ्ठ्यावरच झोपते की तिला हाकललंत? मी खुशाल आहे. थोडी वाळलेय, एवढंच.

आदिवासी वस्तीतल्या शाळेत स्वयंसेवक म्हणून का जायचंय, ते एका पानात लिहा, असं अर्जात होतं. मी तीन पानं लिहिली. ज्ञानाची कवाडं काय, उजळलेल्या वाटा काय, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी इतकं लिहू शकते हे पाहून माझी मीच थक्क झाले. तुम्ही बाही उसवता उसवता ऐकलंत आणि म्हणालात, कापड भारी आहे गं, पण माप कुणाचं घेतलंयस? मी फणकारून निघून गेले होते. चुकलंच माझं.

तर मामा, जीपमधून उतरून तासभर चढण चढले. पाठीवर पृथ्वीचा गोल, तक्ते, पेन्सिली आणि एक शिट्टी (मुलांना शिस्त लावायला!). शाळा म्हणजे एकच खोली, मातीच्या भिंती, वर पत्रा. बाई याच वस्तीत वाढलेल्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण बघतात अशा की आपणच बुटके वाटतो. त्यांनी शांतपणे नियम सांगितला. बाहेरून कुणीही शिकवायला येवो, त्याने आधी वस्तीच्या बैठकीत, वस्तीच्याच भाषेत, आपण का आलो ते सांगायचं. पटलं तर शिकवायचं, तोवर पहिलीत बसायचं. चार संधी. (शिक्षण खात्याचे एक साहेबही दोन दिवस बसले होते म्हणे, मग त्यांना अचानक मीटिंग आठवली.) शिट्टी मी पिशवीच्या तळाशी सारली.

पण काय बाई आहे हो! पहिलीची मुलं घरी जे बोलतात त्याच भाषेत इथे वाचायला शिकतात. त्या भाषेत छापलेलं पुस्तक नव्हतं, तर बाईंनी पुस्तकंच करायला घेतली. मुलाने घरच्या मोठ्या माणसाला एक शब्द विचारायचा, त्याचं चित्र काढायचं, बाई खाली तो शब्द लिहितात आणि पानं जाड दोऱ्याने शिवतात. टाके सरळ आहेत, तुम्ही नावं ठेवणार नाही. अशी एक्केचाळीस पुस्तकं झालीत. मुंग्यांवरच तीन आहेत, आणि मुंग्यांच्या इतक्या जाती असतात हे मला विसाव्या वर्षी कळलं. माझी बाकसोबतीण सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. मी वाचायला लागले की ती कपाळाला हात लावते, पण गृहपाठ मात्र दाखवते. मी यांना शिकवायला आले होते! हसा, पोट धरून हसा.

पहिल्या तीन बैठकांना मी बाकसोबतिणीकडून वाक्यं घोकून गेले. पहिल्यांदा म्हटलं, सेवा करायला आले. सुईणबाईंनी विचारलं, कुणी बोलावलं होतं? दुसऱ्यांदा म्हटलं, तुमची मुलं पुढे जावीत म्हणून. मध काढणाऱ्या आजोबांनी पुढे बोट दाखवलं. पुढे कडा होता. तिसऱ्यांदा म्हटलं, अनुभव घ्यायला. बाई म्हणाल्या, तू घेऊन जाशील गं, पोरांच्या हातात काय राहील? कुणी उर्मटपणे बोललं नाही, दर वेळी प्यायला पाणी दिलं, त्यानेच जास्त लाजल्यासारखं झालं. उद्या शेवटची बैठक. नापास झाले तर परवा जी जीप हे पत्र नेईल तीच मलाही नेईल. मामा, मला जायचं नाहीये.

उद्या काय झालं, ते खाली लिहीन. मामीला नमस्कार.

तुमची,
पहिलीतली भाची

ता. क. बैठक झाली. चौथं वाक्यही चांगलं सजवून पाठ केलं होतं, पण उभी राहिले आणि सगळं साफ विसरले. हाताशी उरले माझे तीसेक शब्द. मोठा शब्द एकही येत नव्हता, मग खरं तेच बोलावं लागलं. म्हटलं, लहान होते. वर्गात काही कळत नव्हतं. सगळे हसायचे. मामा कपडे शिवतो. मामाने टेबलावर बसवलं, मापाची फीत दिली, अर्धा दाखवला, पाव दाखवला. मग कळलं. बाई तसंच करतात. मला ते शिकायचंय. मग सुईणबाईंनी विचारलं, मामाला किती दिवस लागले? मी म्हटलं, दोन उन्हाळे. त्या म्हणाल्या, मग तूही तेवढी राहा. बाईंनी माझ्या हातात खडू दिला. मी ढसाढसा रडले, आणि बाकसोबतिणीने पुन्हा कपाळाला हात लावला.

ता. क. दुसरं. दोन उन्हाळ्यांना मी सगळ्यांसमोर हो म्हणून बसलेय. कॉलेजला तसं पत्र याच जीपने जातंय. आई मात्र समजतेय की मी पंधरा दिवसांसाठी आलेय. तिला तुम्ही सांगायचं, मामा. धाकटे भाऊ आहात, तुम्हाला ती मारून मारून किती मारेल? फक्त सांगताना दाराजवळच्या खुर्चीत बसा.