नरसिंहची पहिली आठ गाणी

मयूर विहार, दिल्ली

ती. शशिकांतदादांना,
उल्हासचा साष्टांग नमस्कार. (कागदावर ‘श्री’ घातलेला नाही. सुतकानंतर तो कधीपासून घालायचा हे विजयालक्ष्मीला माहीत होतं, मला नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? काठी सुटली का? ऑपरेशनमुळे सख्ख्या बहिणीच्या प्रार्थनासभेला येता आलं नाही म्हणून खंत करू नका. सभा कशी झाली हे वाचलंत, तर त्या गुडघ्याचे आभार मानाल.

पण आधी एक शिफारस. नरसिंह हा गायक तुमच्या नातवंडांना नक्की ठाऊक असेल. सध्या त्याच्या गाण्यांशिवाय वरात हलत नाही. पण नाव होण्याआधी त्याने ‘वळचण’ नावाचा एक मराठी अल्बम काढला होता. आठ गाणी, साथीला पेटी आणि, विजयाच्याच शब्दांत, कुणीतरी बिचकत वाजवलेला तबला. अर्थातच खपला नाही. विजया म्हणायची, याच्यात तो अजून खरा आहे. केमोच्या खुर्चीत ती दर वेळी तेच ऐकायची, आणि तिने मला बजावलं होतं की माझ्यामागे भजनं नकोत, ‘वळचण’ लावा. एवढी एकच इच्छा. ती राहून गेली, दादा.

त्याचं असं झालं. इथे माणूस गेलं की सोसायटीच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा घ्यावीच लागते; पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, समोर शे-दीडशे माणसं. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हटलं, नरसिंहची गाणी लावायची आहेत. अल्बमचं नाव सांगायचं राहिलं. (पंचवीस वर्षं मंत्रालयात टिपणं लिहिली, कधी विषय सुटला नाही. तो इथे सुटला.) त्यांनी माइकवर गंभीरपणे जाहीर केलं की ही भाभीजींची आखरी ख्वाहिश आहे, आणि स्पीकरमधून ढोल सुरू झाला: ‘उठ जा बन्नो, डीजे आ गया.’

कुणी हललं नाही. शेवटची इच्छा म्हटल्यावर कोण हलणार? आमच्या ऑफिसातले सहसचिव तर हात जोडून, डोळे मिटून ऐकत होते. मी बंद करायला धावलो, तर सेक्रेटरींनी वाटेतच मला मिठी मारली. “रो लो भाईसाहब, रो लो.” धिप्पाड गृहस्थ, गाणं संपेपर्यंत, साडेचार मिनिटं सोडलं नाही. फोटोतली विजया हसत होती आणि मला तिचा भयंकर राग आला, की नेमकी हे बघायला ही नाही. मग मी खरंच रडलो. ती गेल्यापासून तेव्हाच काय तो रडलोय.

तर ‘वळचण’ जरूर ऐका. आमची सृष्टी तुमच्या फोनवर पाठवेल. पाचवं गाणं, विजया म्हणायची, दुसरं काही काम हातात न धरता ऐकावं. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
उल्हास

ता. क. येत्या नऊ तारखेला तिचं मासिक श्राद्ध आहे. परभणीहून थेट गाडी आहे आणि आमची लिफ्ट सध्या चालू आहे. काठीसकट या.

आणखी एक ता. क. मी ‘वळचण’ ऐकलेला नाही. एकसुद्धा गाणं नाही. ती दर वेळी इयरफोनचं एक टोक माझ्यापुढे धरायची, आणि मी ऑफिसचे मेल बघत “हो, नंतर” म्हणायचो. आता रोज लावायला बसतो आणि उठतो. एकट्याने होत नाही, दादा.