चारपेक्षा कमी पाहुणे असतील तर

माधवनगर, बुधवार

तीर्थस्वरूप मानसिंगमामांना भाची अंकिताचा वाकून नमस्कार.

इकडे सगळी बरी आहेत. मामींचा गुडघा कसा आहे? पाचगणीच्या थंडीत त्यांना पाहुण्यांचा चहा घेऊन जिना चढायला लावू नका. (पलटणीत तुम्ही डोंगर चढायचात, हे आम्ही पुष्कळदा ऐकलंय.)

होम-स्टेच्या वेबसाइटवर आठवडाभर 'लवकरच सुरू' का दिसत होतं, ते फोनवर तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, म्हणून लिहिते. चारपेक्षा कमी पाहुणे असतील तर छोटी खोली दाखव, असं तुम्हीच सांगितलंत. मी टेम्पलेटमध्ये (म्हणजे पानाच्या साच्यात) तेवढ्या हुकमाच्या ओळी जावास्क्रिप्ट या भाषेत घातल्या आणि 'पेक्षा कमी'चं चिन्ह टाकलं. हा साचा फार शिस्तीचा. ते चिन्ह दिसलं की त्याला वाटतं, नवा टॅग, म्हणजे साच्यातला नवा कप्पा, उघडला. तो बंद झालेला सापडेना, म्हणून पान सेव्हच होईना. तेवढ्यात तुमचा फोन. टॅग उघडा राहिलाय म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "मग लाव की. आमी रोज गेट लावतो, न्हाई व्हय?"

मी त्या चिन्हाऐवजी त्याचं सांकेतिक रूप लिहिलं. मग साचा पुढच्या 'अँड'च्या (&) चिन्हांवर अडला. शेवटी विश्रामबागेत माझ्या ऑफिसात असतो तो बिरदेव घरी आला. म्हणाला, "एकेक चिन्ह कवा बदलणार? आख्खी स्क्रिप्ट सीडेटात घाल." सीडेटा म्हणजे साच्याला सांगायचं, इथून तिथपर्यंत तू वाचू नकोस, हे तुझ्यासाठी नाही. पान सेव्ह झालं, पण बुकिंगचं बटण मेलेलं. कारण आता सीडेटाच्या पहिल्या-शेवटच्या दोन ओळी जावास्क्रिप्टला कळेनात. (एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसतो, आपल्याकडच्या लग्नासारखं.) बिरदेवनं त्या दोन्ही ओळींच्या आधी दोन-दोन तिरक्या रेघा द्यायला लावल्या. जावास्क्रिप्टला ती नुसती टीप वाटली, तिनं सोडून दिली, आणि बटण चाललं.

आईनं त्याला पोहे दिले आणि आत येऊन विचारलं, "पोरगं कुठलं गं?" मी म्हटलं, वेबसाइटचं.

मामींना नमस्कार.

तुमची,
अंकिता

ता. क. येत्या रविवारी छोट्या खोलीचं बुकिंग आलंय, ते बिरदेवचं आहे. त्याला तुम्हाला भेटायचंय. पसंत पडला तर आईला तुम्हीच फोन करा. तुमचं ती ऐकते.

पुन्हा ता. क. वेबसाइट पहिल्याच दिवशी दुरुस्त झाली होती. पण तसं सांगितलं असतं तर तो रोज घरी कशाला आला असता? हे मामींना सांगितलंत तरी चालेल, आईला नको.