पहिलं ताट

पप्पा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग ओसरत नाही.

उस्मानपुऱ्यातलं आपलं भाड्याचं घर आठवतं ना? नाताळचा फराळ झाला की तुम्ही पहिलं ताट समोरच्या काकांकडं पाठवायचात. आपल्याला 'बाटलेले' म्हणून वाड्याच्या सामायिक नळाला हात लावू न देणारे तेच काका. मी दहा वर्षांची आहे, करंज्या-अनारशांचं ताट घेऊन त्यांच्या दारात उभी आहे, आणि ते माझ्यादेखत सगळं शेळीपुढं ओततात, रिकामं ताट माझ्या हातात देतात. मी रडत घरी आले. तुम्ही दाढी करत होतात. "ताट परत आलं ना? मग झालं. पुढल्या वर्षी बी तूच न्यायचं," म्हणालात. दरवर्षी ताट गेलं, पण नळाबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. ते घर सोडेपर्यंत आई मागच्या गल्लीतून पाणी वाहत राहिली. तुम्ही याला क्षमा म्हणायचात. कंबर आईची मोडली, आणि क्षमाशील तुम्ही!

गेल्या नाताळात, इथं गारखेड्यात, मी अनारसे तळत असताना सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. समोरचा फ्लॅट मुसलमान कुटुंबाला भाड्यानं देऊ नये, खाली सगळ्यांच्या सह्या. तो फ्लॅट माझ्याच दवाखान्यातल्या नर्सनं पाहिला होता, मीच दाखवला होता. लेकीला घेऊन ती दारोदार फिरत होती आणि नाव सांगितलं की घर नुकतंच गेलेलं असायचं. "मॅडम, तुम्ही लोक तर लई शांत. तुमचा कधी त्रास नाय," सेक्रेटरी म्हणाले. आणि पप्पा, मी सही केली. पिठाच्या हातानं, अगदी तुमच्यासारखी मान खाली घालून. ते जाईपर्यंत कढईतला घाणा करपला होता.

दुसऱ्या दिवशी पहिलं ताट मी सेक्रेटरींकडंच नेलं. तुमचा रिवाज मोडला नाही. ताट टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "कालचा कागद द्या." त्यांच्या बायकोसमोर माझी सही खोडली, शेजारी 'माझा विरोध आहे' असं लिहून पुन्हा सही केली. "मॅडम, उद्या तुमच्यावर बी येईल बरं का," ते म्हणाले.

"येऊन गेलंय. फ्लॅटच्या मालकांना मी फोन केलाय, ते घर देतायत. अनारसे खा, खुसखुशीत झालेत."

दुसरा गाल पुढं करायचा तर आपला करावा, पप्पा, शेजारणीचा नाही.

ती जानेवारीत राहायला आली. सेक्रेटरी अजून माझ्याशी बोलत नाहीत, ताटही परत आलेलं नाही. तिच्याकडं पाठवलेलं ताट मात्र ईदला शिरखुर्म्याची वाटी घेऊन परत आलं. "रिकामं कसं द्यायचं, आपा? तुम्ही आमच्यासाठी भांडलात," ती म्हणाली. मी वाटी घेतली, हसले. त्या कागदावर आधी माझी सही होती, हे तिला ठाऊक नाही. हे पत्र तुम्हाला लिहिलंय, पण वाचायला तिला द्यायला हवं. समोरचं तर दार आहे. अजून दिलेलं नाही.