शंखातला फोन

प्रिय दादा,

परवा दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्या भिंतीवर तुझ्या सिनेमातल्या समुद्रघोड्याचं चित्र लावलंय, शेपटीत ब्रश धरून दात घासताना. खुर्चीच्या अगदी समोर. डॉक्टर दाढ कोरता कोरता म्हणाले, आमच्याकडची पोरं हल्ली याच्याकडे बघत गप पडून राहतात, फार गोड काम केलंय हो ज्याने केलंय त्याने. मी तोंडाचा आ करून पडले होते, त्यामुळे 'हा आमच्या दादाचा' असं काही सांगता आलं नाही. तसं तोंड मोकळं असतं तरी सांगायला किती वेळ लागला असता, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन केला असता, पण फोनवर तू माझी वाक्यं माझ्याआधी पुरी करतोस, आणि ती नेहमी तुझ्या सोयीची होतात. कागदावर मी अडखळत नाही. त्यामुळे हातातलं काम बाजूला ठेव, चहा घे, आणि शेवटपर्यंत वाच.

आधी कौतुक करते, ते खरं आहे. सिनेमा देखणा झालाय. प्रवाळाच्या गल्ल्या, कोळंब्यांचं गाणारं मंडळ, तो बहिरा देवमासा, आणि पोटाच्या पिशवीत पिल्लं घेऊन फिरणारा समुद्रघोडा-बाप. बाबांची मान तिरकी करून हसायची लकब तू त्याला दिलीस ते पहिल्याच चित्रात माझ्या लक्षात आलं. त्याचे आवाज करायला स्टुडिओत मी आणि माझी मदतनीस कित्येक आठवडे पाण्याच्या टबात हात घालून बसलो होतो. बाप शेपटीने प्रवाळाला विळखा घालतो तो आवाज म्हणजे चामड्याचा ओला हातमोजा पिळल्याचा. देवमाशाचं कण्हणं म्हणजे आमच्या तळघराचं फुगलेलं दार. जाळं येतं तेव्हा अंगावर काटा येतो असं तू मुलाखतीत म्हणालास. तो कांद्याचं पोतं ओल्या फरशीवरून ओढल्याचा आवाज आहे. त्याच मुलाखतीत तू असंही म्हणालास की ते अडखळणारं पिल्लू तुला धाकट्या बहिणीवरून सुचलं, आणि सिनेमा तिलाच अर्पण केलाय. स्टुडिओतल्या सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी आता मुरलेली आहे.

तुला आठवतं का, घरी पाहुणे आले की तू मला बैठकीत ओढत न्यायचास आणि म्हणायचास, हिला हिचं नाव विचारा. माझं नाव ज्या अक्षराने सुरू होतं तिथेच माझी गाडी रुतायची. पाहुणे आधी बिचारे गोंधळायचे, मग तू हसलास की त्यांना हसायची परवानगी मिळायची. बाबा तेवढे उठून आत जायचे आणि मला हाक मारायचे, पाणी आण गं. त्यांना तहान नसायची. मी पाणी घेऊन गेले की ते ग्लास खिडकीत ठेवून द्यायचे आणि माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत बसायचे, माझा शब्द येईपर्यंत थांबून. थांबणारा माणूस घरात तो एकच होता.

आता त्या दुपारचं लिहिते. तू म्हणशील, जुनी मढी कशाला उकरतेस. उकरली तू आहेस, दादा. मी नुसती माती बाजूला सारतेय.

आई तेव्हा गणवेश शिवायच्या कारखान्यात होती आणि मशीनवरच्या बायकांना फोनवर बोलावत नसत. मी शाळेतून लवकर आले होते. बाबा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभे होते, ते घसरत खाली बसले आणि मग आडवे झाले. चेहरा राखेसारखा झाला होता. अँब्युलन्सला फोन करायचा हे मला कळत होतं, पण परक्या माणसापुढे पत्ता सांगताना माझं काय होईल हेही कळत होतं. म्हणून तुला केला. नाटकाच्या तालमीच्या खोलीत. वाटलं, आपला माणूस आहे, नुसत्या आवाजावरून समजेल. तू फोन घेतलास आणि मी 'बाबा' या शब्दातच अडकले. पहिल्या अक्षरावर, पुन्हा पुन्हा. तू म्हणालास, गाण्यात सांग गं, म्हणजे अडकणार नाहीस. मग फोन बहुतेक सगळ्यांच्या पुढे धरलास, कारण पुष्कळ जणांचं हसू ऐकू आलं. मग फोन ठेवलास. मी पुन्हा लावला तर लागेना. तू रिसीव्हर काढून ठेवला होतास.

मी खाली धावत औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला बोलायला लावलंच नाही, माझा हात धरला आणि माझ्याबरोबर जिना चढला. त्यानेच सगळं केलं. दवाखान्यात बाबा गेले, आणि डॉक्टर आईला म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं काही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, रडत: दादाला फोन केला होता, तो म्हणाला गाण्यात सांग, आणि ठेवला. तू त्यानंतर येऊन पोहोचलास, आणि आईने तुला एवढंच विचारलं, हिचा फोन आला होता का. तू म्हणालास, फोन आलाच नाही. आईची शपथ घेतलीस, आईसमोर. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, घाबरली असेल पोर, तिच्या तोंडून शब्द फुटला नसेल, तिला कोणी काही बोलू नका.

कोणी काही बोललं नाही. तेच तर भोगलं मी. आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्यानंतर घरातला फोन वाजला की ती पिठाचे हात घेऊन धावत यायची, मी शेजारी बसलेली असले तरी. काका, आत्या, सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, आजाऱ्याशी बोलतात तसं. तुझं लग्न झालं आणि वहिनी घरी आली. पहिल्याच महिन्यात ती मला एकटीला गाठून म्हणाली, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही तेव्हा लहान होतात, ह्यांनी सगळं सांगितलंय मला. तिचे डोळे भरून आले होते. म्हणजे जी चूक मी केलीच नाही तिची क्षमाही मला तुझ्या बायकोकडून घ्यावी लागली. मी घेतली. काय करणार, हात पुढे केला होता बिचारीने.

आणि मग तुझा सिनेमा आमच्या स्टुडिओत आला. घरातलीच आहे, तिलाच द्या काम, असं तू म्हणालास, याबद्दल तुझे उपकार मानते. आवाज नोंदवायच्या दिवशी मी काचेच्या अलीकडे बसले होते. पिल्लू जाळं येताना बघतं, शंख उचलतं, मोठ्या भावाला सांगू लागतं आणि पहिल्या अक्षरावर अडकतं. दुसऱ्या शंखावर मोठा भाऊ, कोळंब्यांच्या मंडळाचा लाडका गवई, म्हणतो, गाण्यात सांग रे, म्हणजे अडकणार नाहीस. कोळंब्या खिदळतात. तो शंख ठेवून देतो.

माझ्या हातातली पेन्सिल मोडली नाही की मला घेरी आली नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू काचेपलीकडे मोठ्या भावाचं काम करणाऱ्या नटाला सांगत होतास, जरा लाडात म्हणा, त्याला वाटलं पाहिजे की आपण मदतच करतोय. तुझ्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. तेव्हा मला कळलं की तू विसरला आहेस. शपथ घेता घेता तुझा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसला, आणि ते वाक्य तुझ्या डोक्यात बेवारशी पडून राहिलं, ते तुला तुझी कल्पना वाटली. आणि पुढची सगळी गोष्ट कशी, तर बाप जाळ्यात जातो आणि तो दोष आपला मानून पिल्लू सातासमुद्रापार त्याला सोडवायला निघतं. मोठा भाऊ त्याला माफ करतो. तुझ्या सिनेमातसुद्धा चूक पिल्लाचीच, दादा.

त्याच वेळी मी तुला सांगू शकले असते. एका खुणेने सांगू शकले असते, हे काढ. मी चहा मागवला.

पुढे संकलनाच्या खोलीत निर्मातीबाईंना तो प्रसंग लांबला असं वाटलं. काढून टाकू, म्हणाल्या, जाळं येतं तिथेच थेट जाऊ. तू जवळजवळ तयार झालास. मग त्यांनी सहज मला विचारलं. मी त्या खोलीत सगळ्यांसमोर अडखळत, पुरा वेळ घेत म्हणाले, राहू द्या, सिनेमाचा जीव तिथे आहे. माझ्यासारखीने असं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. प्रसंग राहिला. त्यावर मी मन लावून काम केलं. तुझ्या कोळंब्यांचं हसू फार गोड होतं, त्याला मी थोडी धार दिली. शंख ठेवतानाचा आवाज आपल्या घरच्या जुन्या काळ्या फोनवर रिसीव्हर आपटून केला, तो आईने अजून माळ्यावर जपून ठेवलाय. त्याची ती बारीक टिंग तू ऐकलीस आणि म्हणालास, वा, हे काय वापरलंस? मी म्हटलं, घरातलंच काहीतरी.

पहिल्या खास खेळाला आईला सर्दी झाली होती म्हणून ती आली नाही, तू हिरमुसलास. मी तिला नंतर आणेन म्हणाले होते, आणि शब्द पाळला. दुपारचा साधा खेळ, सगळीकडे पोरं, खुर्च्यांवर सांडलेले पॉपकॉर्न. आई खुशीत होती. बाप-समुद्रघोडा मान तिरकी करून हसला तेव्हा तिने माझा हात दाबला. मग शंखाचा प्रसंग आला. पोरं खो खो हसली. आईचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात तसाच राहिला. उरलेला सिनेमा तिने पाहिला की नाही मला माहीत नाही. शेवटी बाप सुटून येतो तिथे मी मात्र रडले, ते लपवत नाही. तो पाण्यात पुन्हा शेपूट हलवतो तो आवाज मी केला होता, माझ्या हातांनी, आणि तरी रडले.

बाहेर हात धुवायच्या बेसिनपाशी तिने नळ सोडला आणि हात धुवायचे विसरून उभी राहिली. म्हणाली, तू दवाखान्यात हेच सांगितलं होतंस. मी म्हटलं, हो. शब्दन् शब्द? शब्दन् शब्द. ती म्हणाली, मग हे त्याला कसं कळलं, फोन आलाच नव्हता तर? मी तर त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. हे वाक्य पुरं करायची वेळ तिची होती. तिने नळ बंद केला, खिडकीवर जाऊन पुढच्या खेळाचं एकच तिकीट काढलं आणि मला म्हणाली, तू बाकावर बस, मला एकटीला पुन्हा ऐकायचंय. मी बसले. ती परत आली तेव्हा म्हातारी दिसत होती. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून ती नुसती उभी राहिली, येणारीजाणारी पोरं आमच्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, या क्षणी मला फार मोकळं वाटेल. तिला असं बघून आधी वाटलं, हिला आणायलाच नको होतं. पण खोटं कशाला सांगू, मोकळंही वाटलं.

तुझे निरोप मला पोहोचले आहेत. तुझ्या सत्काराच्या दिवशी आईला आणि मला मंचावर बोलवायचं आहे, आणि आई फोन उचलत नाही, बरी आहे ना, असं तू विचारलंयस. म्हणून हे पत्र. आई ठणठणीत आहे. तुझा फोन लागत नाही कारण तिचा फोन सारखा चालू असतो. ती एकेका नातेवाइकाला फोन करून त्या दुपारी खरं काय झालं ते सांगतेय. तिला आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून नंबर मी लावून देते. काका झाले, आत्या झाली, तुझे नाटकवाले मित्रही झाले. त्यांच्यातल्या एकाला ते हसणं आठवलं, तो फोनवरच रडला. आज संध्याकाळी ती वहिनीशी बोलणार आहे. तिच्यासाठी जीव तुटतो माझा, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता माणसाच्या हाती सकाळीच पाठवतेय. म्हणजे तिला तुझ्या तोंडून सांगायला तुला आख्खी दुपार मिळेल. शब्द फुटला नाही, तर काळजी करू नकोस. आई सांगेल.

तुझीच,
धाकटी