मागच्या भिंतीचा तडा

३ सप्टेंबर
दिवसभर प्रशिक्षण. डोकं फिरलं नुसतं! गळ्यात ओळखपत्र लटकवलेला तो प्रशिक्षक म्हणतो — "मॅडम, तुम्ही बोलूच नका. प्रश्न मुलांचे, शोधही मुलांचा. तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा."
कुठल्या बाजूला? तिसरी-चौथी एकाच खोलीत, सत्तरच्या वर पोरं! विचारलं तसं. सगळे हसले. तोही हसला.

४ सप्टेंबर
केले गट. बाकं जमिनीत ठोकलेली, म्हणून पोरं खाली, एकमेकांच्या मांडीवर. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात — "बाई, बाजार भरलाय का?" घसा बसला. गणित राहिलं. शेवटी टेबलावर छडी आपटली — फळ्याकडे बघा! लगेच चिडीचूप. अशीच शिकवत आले मी. आता हे मला शिकवणार!

८ सप्टेंबर
म्हटलं, घ्या, विचारा काय विचारायचं ते. चौथीतली सुताराची मुलगी उठली. कधी तोंड उघडत नाही, मी तिला घुमीच म्हणते.
"बाई, मागच्या भिंतीचा तडा वाढतोय का?"
वर्ग हसला. पण तिचा गट पट्ट्या घेऊन गेलाच. तड्याच्या टोकाला खडूची खूण केली, रुंदी मोजली.

११ सप्टेंबर
तडा खूण ओलांडून पुढे गेलाय. घुमीने फळ्यावर रोजचं माप मांडलं, नीट, रकाने पाडून. मी शिकवलं नव्हतं!
हेडमास्तरांकडे गेले. "वर कळवलंय, बाई. किती वेळा कळवू?"

१५ सप्टेंबर
साहेब तपासणीला आले. सोबत तो प्रशिक्षक. घुमीने तडा दाखवला. "वा! असे उपक्रम हवेत!" फोटो काढला. भिंतीचा नाही — पोरीचा!
मी म्हटलं, साहेब, भिंतीचं काय?
"ते बांधकामवाल्यांचं. आम्ही फक्त शिक्षण बघतो."
अंगाचा भडका उडाला. त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

१८ सप्टेंबर
आज चाचणी. आणि पोरं सगळी मैदानात, उन्हात बसलेली!
"आम्ही आत बसणार नाही, बाई. ठरलंय."
कोणी ठरवलं?
"आम्ही सगळ्यांनी."
मागून हेडमास्तर — "हेच शिकवता का? आत घ्या त्यांना!" छडी उगारली. घसा फाटेस्तोवर ओरडले — मी सांगते ते ऐकायचं! एक हललं नाही. घुमी तर माझ्याकडे बघतही नव्हती. सत्तर पोरांसमोर माझी ही शोभा!
भिंतीचं मला ठाऊक नाही का? आहे. तरी राग येतोय तो भिंतीचा नाही. उद्या एकेकाचे आईबाप बोलावते. सरळ करते सगळ्यांना.

१९ सप्टेंबर
भर शाळेच्या वेळात मागची भिंत छपरासकट आत कोसळली. खाली माझी खुर्ची सापडली, चेचलेली. बाकी कोणी नाही. पोरं आजही मैदानातच, आणि मी त्यांच्यासमोर ओरडत.
माझं कुणीच ऐकलं नव्हतं.